सहावा दिवस

"मग यांना घरी का सोडायचं नाही, मॅडम?"

शार्दूलने हे सकाळच्या राउंडला, सगळ्यांसमोर विचारलं. मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या शिक्षणाचं त्याचं हे शेवटचं वर्ष. सुवर्णपदकवाला, आणि ते तो विसरत नसे.

खाटेवर सखाराम परब होते. माड उतरताना पडले, डोक्याला मार लागला, मेंदूच्या पृष्ठभागावर रक्त पसरलं. आता सूज उतरली होती, कालचा स्कॅनही चांगला होता. खाटेसाठी खाली तिघे रुग्ण ताटकळत होते.

विभागप्रमुख केंकरे मॅडमनी विचारलं, "कितवा दिवस?"

"सहावा."

मॅडमनी कोपऱ्यातलं स्टूल ओढून खाटेजवळ ठेवलं. "बस इथे."

"काय बघायचं?"

"बस."

त्या पुढे गेल्या. शार्दूल बसला. कानशिलं तापली होती. पाऊण तास गेला. परबांची बायको शेवंती नातवाचं कौतुक सांगत होती, शार्दूल नुसती मान हलवत होता.

परबांनी हात पुढे केला. "शेवंते, दोरी दी गो."

तिने पाण्याचा पेला दिला नि हसली. "सकाळपासून असांच चाललाहा. पाण्याक दोरी म्हणतत. मस्करी करतत माझी."

शार्दूल उठला. त्याने परबांना डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगितलं.

उजवा हात त्यांच्या नकळत हळूहळू खाली आला...

तपासणीत दिसलं, मेंदूच्या डाव्या बाजूच्या, बोलणं आणि उजवा हात सांभाळणाऱ्या भागाच्या रक्तवाहिन्या आवळल्या होत्या. सांडलेल्या रक्ताने त्या अशा आवळतात, तेही लगेच नाही, चौथ्या ते चौदाव्या दिवसात कधीही. शार्दूलने परीक्षेत यावर दोन पानं लिहिली होती.

दुपारी जांघेतून नळी घालून औषध थेट तिथवर पोचवलं. आवळलेल्या वाहिन्यांतून रक्त पुढे जावं म्हणून रक्तदाब मुद्दाम चढा ठेवला. तीन दिवस परब अतिदक्षता विभागात होते. चौथ्या दिवशी त्यांनी पाण्याला पाणी म्हटलं. शेवंती तोंडाला पदर लावून बाहेर जाऊन बसली.

संध्याकाळी शार्दूल मॅडमच्या खोलीत गेला.

"मी त्यांना घरी पाठवणार होतो."

मॅडमनी चष्मा काढला.

"तुम्हाला त्या सकाळीच कसं कळलं?"

"कळलं नव्हतं."

"...मग मला का बसवलंत?"

मॅडमनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"म्हणूनच."