रथापुढं कोण चालायचं?

दोष सगळा बापूसाहेब इंगवल्यांचा. शाळेच्या मुलींनी खो-खोचा जिल्ह्याचा कप जिंकला, तर संस्थेचे हे अध्यक्ष कप मांडीवर घेऊन उघड्या जीपमध्ये बसले आणि मुलींना जीपपुढं भर उन्हात दोन किलोमीटर चालायला लावलं. कॅप्टन रुकसाना मुलाणीचा घोटा फायनलमध्ये मुरगळून टम्म सुजला होता. सगळे मास्तर बघत होते, तोंड एकानंही उघडलं नाही.

वर माईकवरून ज्ञान पाजळणं चालूच. "विजयाला इंग्रजीत ट्रायम्फ म्हणतात! शब्द मूळचा रोमचा. जिंकलेला सेनापती रथातून मिरवायचा, त्या मिरवणुकीचं हे नाव!"

रुकसाना लंगडत मागं वळली. "बापूसाहेब, त्या रथापुढं पायी कोण चालायचं?"

"अगं, बेड्या घातलेले कैदी! लढाईत हरलेले!" बापूसाहेब माईकवरच गरजले.

"मग आम्ही कुणाकडून हरलो?"

आधी पानवाला हसला, मग सगळा चौक. हलगीवाल्यानं हलगी थांबवली. बापूसाहेब गुपचूप खाली उतरले. पोरींनी रुकसानाला उचलून जीपमध्ये बसवलं आणि कप तिच्या हातात दिला.

उरलेला दीड किलोमीटर बापूसाहेबांना जीपमागून पायी चालावं लागलं.