साळुंकी कधीच खोटं बोलत नाही

मुलांनो, ज्या जंगलाची ही गोष्ट आहे तिथे सिंह नव्हता, त्यामुळे राजाही नव्हता. होता एक पाणवठा, आणि संध्याकाळी त्याची राखण करणारे एक साळिंदर. बिबट्या झाडीतून डोकावला की साळिंदर पाठ फिरवून काटे खळखळ वाजवी, आणि बिबट्या निमूटपणे परत जाई. दर उन्हाळ्याच्या तोंडावर सारे प्राणी चिंचोके टाकून राखणदार निवडत. साळिंदरासमोर आजवर दुसरे कोणी उभेच राहिले नव्हते.

त्या वर्षी मात्र एक कोल्हा उभा राहिला. राखण करण्याची त्याला मुळीच हौस नव्हती. राखणदाराला मिळणारी काठावरची गार सावली तेवढी हवी होती. तो तडक साळुंकीकडे गेला. ही साळुंकी उंबराच्या शेंड्यावर बसून रोज सकाळी जंगलाला बातम्या सांगे, आणि आपण कधीच खोटे बोलत नाही याचा तिला भारी तोरा होता. कोल्ह्याने उंबराखालचे वारूळ उकरून दिले. ताजी वाळवी पाहून साळुंकी भुर्रकन खाली आली.

"मी खोटं सांगणार नाही हं," वाळवी टिपता टिपता ती म्हणाली.

"छे छे! खोटं कशाला? खरंच सांगा," कोल्हा म्हणाला. "फक्त काय सांगायचं, ते जरा बघून सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली, "साळिंदराने आज कोणालाही टोचलं नाही!"

आपल्या तीन पिल्लांना घेऊन गवत खाणारी एक सशीण दचकली. आज नाही? म्हणजे काल टोचले होते की काय? पुढच्या दिवशी बातमी आली, "साळिंदर पाणवठ्यावर काटे घेऊनच आलं!" आता काटे काय बिळात ठेवून येणार होते ते बिचारे? पण सकाळच्या गडबडीत एवढा विचार कोण करतो! कोल्ह्याची बातमी मात्र अशी येई, "कोल्ह्याने आज स्वतःचं तोंड स्वतः धुतलं. केवढा हा साधेपणा!" ते ऐकून हरणांचे डोळे भरून आले. कोल्हा ससे खातो, हे साळुंकीने एकदाही सांगितले नाही. तिचे म्हणणे असे, की ते सगळ्यांना ठाऊकच आहे, त्यात बातमी ती काय?

शेवटी साळिंदर उंबराखाली आले. "अगं बाई, मी जन्मात कधी कोणाला टोचलं नाही. तेवढं सांग की!"

"सांगते ना," साळुंकी म्हणाली, आणि लगेच शेंड्यावर जाऊन ओरडली, "टोचल्याचा आरोप साळिंदराने फेटाळला!"

मग काय विचारता! निवडणुकीच्या दिवशी सशीण चिंचोका घेऊन आली, तेव्हा तिला साळिंदराकडे बघवेना. "राग मानू नका हो काका," ती पुटपुटली, "माझी पिल्लं लहान आहेत." आणि तिने चिंचोका कोल्ह्याच्या ढिगात टाकला. त्या ढिगाची टेकडी झाली. साळिंदर आपल्या बिळाकडे निघून गेले.

तिसऱ्याच संध्याकाळी बिबट्या आला. नवा राखणदार सर्वांत आधी पळाला. किंबहुना तो पळाला म्हणूनच बिबट्या आल्याचे बाकीच्यांना कळले. धावपळ, चेंगराचेंगरी, चिखल! सशीण कशीबशी बिळात पोचली. पाहते तो दोनच पिल्ले.

सकाळी साळुंकी नेहमीच्या आनंदात ओरडली, "पाणवठ्यावरची गर्दी ओसरली! आता पाणी सगळ्यांना पुरणार!"

सशीण रडत रडत उंबराखाली आली. "माझं पिल्लू गेलं. ते का नाही सांगितलंस?"

"गर्दी ओसरली, असं सांगितलं की!" साळुंकी फणकारली. "माझा एक तरी शब्द खोटा दाखव."

सशिणीने सगळ्या बातम्या आठवून पाहिल्या. खोटा शब्द खरोखरच एकही नव्हता. तिला साळुंकीचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. उरलेल्या दोघांना घेऊन ती साळिंदराच्या बिळापाशी गेली.

"काका," तिने विचारले, "तुम्ही कोणाला टोचलं होतं का हो?"

"नाही गं," साळिंदर म्हणाले. "पण हे मला विचारायला आलेली तू पहिलीच."

तात्पर्य : प्रत्येक शब्द खरा ठेवूनही फसवता येते, म्हणून मत देण्याआधी, बातमीत काय सांगितले याबरोबर काय गाळले, याचीही चौकशी करावी.