आवडीची सवत

बसा, आधी सरबत प्या. किल्ला कुठं पळून जात नाही. गाडीतून उतरलेला प्रत्येक जण मान वर करून तिच्याकडेच बघतो. तोफ बघायची, गोड्या पाण्याचं टाकं बघायचं, पांढऱ्या बुरुजावर उभं राहून फोटो काढायचे. खाली एवढं गाव आहे, माणसं आहेत, ती कुणाला दिसत नाहीत. माझा लेकसुद्धा सकाळपासून वरच असतो, तुमच्यासारख्यांना किल्ला दाखवत. तिला बघितलं की माझं डोकं उठतं. तिला म्हणजे या डोंगरीला, सांदोळीला. आमच्याकडं बायकांनी तिच्यावर जळायचं अशी रीतच आहे, आणि ती रीत आवडीपासून पडली.

किल्ल्यावर शिपायांचा राबता होता, तोफांना अजून गंज चढायचा होता, तेव्हाची ही गोष्ट. आवडी दर्यावर्दी खारव्यांची सून. तिचा नवरा गोमाजी बुरुजावर टेहळणीला असायचा. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडक आहेत, त्याला आम्ही खडप म्हणतो. भल्याभल्या होड्या फाडल्यात त्यानं. म्हणून घरी येणारी होडी बुरुजाचा पांढरा रंग नाकासमोर धरून यायची, आणि वरून गोमाजी शेला हलवून सांगायचा, डावीकडं घ्या, उजवीकडं घ्या. त्याचा शेला हलत होता तोवर गावातली एकही बाई विधवा झाली नाही, असं म्हणतात.

गावाला त्याचं कौतुक. पण आवडीच्या पदरात काय? सकाळी नवरा वर, दुपारची भाकरी वर, उतरायचा तो दिवेलागणीला, आणि जेवताना बोलायचा तेही तिच्याबद्दलच. आज सांदोळीवर वारा असा होता, आज सांदोळीवर करवंदं पिकली. आवडीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पाणवठ्यावर ती सरळ म्हणायची, "माझी सवत वर बसलीय. सवत मातीची असली तरी सवतच." बायका हसायच्या. आवडी हसत नव्हती. सवतीच्या अंगाला पाय लावणार नाही अशी शपथ घेतली होती तिनं, आणि लग्न झाल्यापासून एकदाही ती डोंगरी चढली नव्हती.

सगळ्यात जास्त तिला सलायचा तो चुना. पावसाळ्यात बुरूज शेवाळून काळा पडतो. म्हणून पाऊस ओसरला की नारळी पुनवेच्या आधी गोमाजी शिंपले गोळा करायचा, भट्टी लावून भाजायचा, चुना विरवायचा आणि बुरुजाला हात द्यायचा. आवडी खाली आपल्या घराच्या पोपडे धरलेल्या भिंती बघत बसायची. एकदा ती म्हणाली, "तिला दरवर्षी नवं लुगडं, आणि मी काय घोडं मारलंय?" गोमाजी हसला, म्हणाला, "उरला तर घराला लावू गो." पण बुरूज केवढा! चुना कधी उरलाच नाही.

एका वर्षी असं झालं. पाऊस लांबला, चुना विरून तयार झाला तो थेट पुनवेला, आणि त्याच दिवशी आवडीच्या भावाच्या होडीत एक माणूस कमी पडला. गोमाजी म्हणाला, "मी होडीत असलो तर शेला नको, पांढरा बुरूज दिसला की पुरे. पण तो रंगवणार कोण?"

आवडी म्हणाली, "मी रंगवते. एवढी वर्षं तिची सेवा केलीत, एक दिवस माझ्या भावासाठी द्या."

शपथ मोडून बायको वर जायला निघाली म्हटल्यावर गोमाजीला किती आनंद झाला असेल. तो होडीत बसला. सगळ्या होड्यांनी दर्याला नारळ दिला आणि त्या बाहेर पडल्या.

आवडीनं चुन्याची घागर उचलली, डोंगरीच्या पायथ्याशी गेली. वर बघितलं. सवतीला सजवायला पाय काही उचलेना. एक वर्ष नाही लावला तर काय आभाळ कोसळतंय, म्हणाली, आणि मागं फिरली. घराची समुद्राकडची भिंत तिनं रंगवायला घेतली. हात दिला, दुसरा हात दिला, घागर रिकामी होईपर्यंत देत राहिली. बिचारीनं आपलं घर समुद्रातून कधी पाहिलंच नव्हतं. बाई कशाला होडीत बसतेय?

ऊन कललं. पश्चिमेचं ऊन भिंतीवर पडलं आणि घर असं झळकायला लागलं की आवडी उंबऱ्यावर बसून बघतच राहिली. वर तिची सवत काळीठिक्कर. तेवढ्यात शिडं दिसली. होड्या परतत होत्या, आणि सगळ्या सरळ तिच्या दाराकडं येत होत्या. आवडीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, बरंच वाटलं तिला. आज पहिल्यांदा सगळे आवडीकडं बघत येत होते, सवतीकडं नाही.

मग तिला घराच्या आणि शिडांच्या मध्ये पाणी फुटताना दिसलं. तिथं खडप होतं. होड्या पांढरा रंग नाकासमोर धरून येत होत्या, आणि बुरूज समजून त्या तिचं घर धरून बसल्या होत्या. पहिलीच होडी तिच्या भावाची. तिच्यात गोमाजी.

शेणाची पाटी घेऊन ती भिंतीवर धावली. दोन्ही हातांनी फासलं. हात पोचले तेवढं काळं झालं, बाकी भिंत तशीच झळकत राहिली. ओरडली, तर वारा उलटा. मग आवडीनं पदर खोचला आणि जिला पाय लावायचा नाही म्हणाली होती तिच्यावर ती धावत चढली. काटे लागले, गुडघे फुटले. बुरुजावर जाऊन तिनं पदर सोडून हलवला. पण काळ्या बुरुजावर काळ्या लुगड्यातली बाई कुणाला दिसणार?

तेव्हा आवडी बुरुजाच्या दगडावर डोकं टेकून म्हणाली, "सवती, चुकलं माझं. तुझा चुना मी चोरला. आता तूच वाचव त्याला. नको देऊस परत, तुझ्याकडंच ठेव, पण जिता ठेव."

ज्या बाईला नवऱ्याचा एक दिवसही सवतीला द्यायला जड जायचं, तिनं अख्खा नवराच देऊन टाकला.

आणि सांदोळी हलली, असं म्हणतात. टाक्यातलं पाणी काठावरून सांडलं, किल्ल्यावरचे शिपाई बसल्या जागी कलंडले. कुशीवर वळताना बाई खांदा पुढं करते, तसा डोंगरीनं आपला खांदा पुढं केला. तो घराच्या आणि समुद्राच्या मध्ये येऊन थांबला. होड्यांना समोरचं पांढरं दिसेनासं झालं. त्यांनी घाबरून शिडं पाडली, मान वर केली, तर बुरुजावर पदर हलत होता, डावीकडं, डावीकडं. एक-एक करून सगळ्या होड्या खाडीत आल्या.

गोमाजी धावत वर आला. आवडीनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मग म्हणाली, "मी तुम्हाला तिला देऊन टाकलंय. आता तुम्ही तिचे."

बुरुजाच्या एका कोपऱ्यातला दगड बसून बसून गुळगुळीत झाला होता, तिथं गोमाजीनं तिला नेलं. म्हणाला, "मी दिवसभर इथंच का बसायचो, ठाऊक आहे? इथून आपलं दार दिसायचं. तू शेणी थापताना दिसायचीस, तांदूळ निवडताना दिसायचीस." आवडीनं खाली बघितलं. मध्ये डोंगरीचा खांदा आला होता. दार दिसत नव्हतं.

तेव्हा म्हणे ती रडली. होड्यांसाठी रडली नव्हती, पण या गोष्टीसाठी रडली.

मग काय, सवतीच्या घरीच नांदायला गेली ती. रोज नवऱ्याबरोबर वर चढायची आणि त्याच दगडावर शेजारी बसायची. जळायची मात्र थांबली नाही. मरेपर्यंत सांदोळीला शिव्या घातल्या तिनं, आणि मरेपर्यंत तिला चुना लावला.

तो खांदा तुम्हाला वाटेत लागेल. त्याच्या आडोशाला आवडीच्या घराचं जोतं आहे, तिथून समुद्र दिसत नाही. आणि गावात नीट बघा, एकाही घराची समुद्राकडची भिंत पांढरी नाही. जांभा उघडा ठेवतात, नाहीतर गेरू लावतात. मागं बाहेरच्या कुणीतरी हॉटेल बांधलं आणि पांढरंशुभ्र रंगवलं. आम्ही बायका गेरूच्या बादल्या घेऊन गेलो. चिडला, मग गोष्ट ऐकली, आणि स्वतःच ब्रश घेतला.

बुरुजाला चुना अजून लागतो, पुनवेच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी पुरुषांनी चुन्याला शिवायचं नाही. ज्यांची माणसं समुद्रावर जातात त्या बायका चढतात, आणि पहिला हात देताना प्रत्येकीनं म्हणायचं, "घे गो सवती, तुझा चुना तुला, माझा माणूस मला." मीसुद्धा म्हणते. होडी विकली आम्ही, आता समुद्रावर कुणी जात नाही, तरी म्हणते.

जा आता, ऊन चढायच्या आत. वर निळ्या टोपीत माझा लेक भेटेल. त्याला सांगा, आईनं भात झाकून ठेवलाय. आणि तिलाही सांगा, जेवायला तरी खाली सोड म्हणावं.