मेलेल्या वाटेची दवंडी

सांगून सांगून जीभ झिजली, तरी तुमचं आपलं ‘तो डब्यांचा किस्सा सांगा’. ऐकून शहाणा झालेला एक जण दाखवा मला. बरं, घ्या. मध्ये बोलायचं नाही.

“मग वाट तुटली हे त्या डब्याला कळतं कसं?”

कोळसूरच्या घाटमाथ्यावरच्या मठात सोमगिरी बुवांनी हे विचारलं. विचारलं कसलं, अंगावरच गेले. सकाळी त्यांच्या शिष्याला, मंजगिरीला, पोलिसांनी उचलून नेलं होतं. नेटची केबल तोडली म्हणून.

समोर पराग उंबरजे. नेटच्या कंपनीचा इंजिनिअर. बुटासकट ओट्यावर चढलेला. त्यानं ‘हाच तो’ म्हटलं की फौजदार मंजगिरीला आत टाकणार होते. तेवढं म्हणण्याआधी गुरूच्या तोंडून कबुली घ्यावी, म्हणून हा घाट चढून आला. आल्या आल्या म्हणाला, केबल म्हणजे दोरी वाटली का तुम्हाला, तिच्यावर गावागावाचे डबे एकमेकांशी बोलतात. बुवांनी नेमकं तेच धरलं.

“तुम्हाला नाही कळायचं, बुवा.”

“न कळणाऱ्या गोष्टीपायी माझा माणूस चौकीत बसलाय. सांग.”

परागनं सुस्कारा सोडला.

“गावोगाव एकेक डबा. राउटर म्हणतात. अख्खी वाट कुठल्याच डब्याला दिसत नाही. शेजारचा सांगतो, ‘अमक्या गावाला माझ्याकडून जा.’ हा विश्वास ठेवतो.”

“शेजाऱ्याच्या तोंडावर?”

“दुसरं काय करणार?”

“मग झालंच कल्याण.”

“घोळ होतो कधी कधी.” आवडीचा विषय निघाला तसा पराग पुढे सरकला. “समजा, पलीकडची वाट तुटली. पहिला डबा गप्प बसला. तेवढ्यात दुसरा म्हणतो, ‘मला ठाऊक आहे वाट.’ अहो, त्याला ती पहिल्यानंच सांगितलेली असते! पण पहिल्याला वाटतं, याच्याकडे वेगळी वाट असेल. मग हा त्याच्याकडे ढकलतो, तो याच्याकडे. निरोप दोघांतच फिरत बसतो. फिरून फिरून मरतो.”

“गाढवं.”

“म्हणून तर नियम आहे. ज्याच्याकडून ऐकलं, त्यालाच ते परत सांगायचं नाही. आणि वाट मेली की गप्प बसायचं नाही. मेली म्हणून सगळ्यांना ओरडून सांगायचं. नाहीतर सगळे जुनंच खरं धरून बसतात.”

“हे डब्यांना कळतं?”

“आम्ही शिकवलंय.”

केवढी ती ऐट.

बुवांनी चिमटा धुनीत खुपसला.

“मंजगिरीला केबल तोडताना कुणी बघितलं?”

“बघितलं असं नाही. पण तिघं सांगतात. टपरीवाला रामलिंग, तलाठी भाऊसाहेब, आणि खुद्द सरपंच. तिघं वेगवेगळे, बुवा. तिघं खोटं बोलतील?”

“लाव फोन. मलाही ऐकू दे.”

रामलिंग म्हणाला, “मला भाऊसाहेब बोलले की. चहा पिताना.”

भाऊसाहेब म्हणाले, “मी कशाला बघायला जातोय तिथं? सरपंचांनी सांगितलं.”

सरपंच तर हसायलाच लागले. “काय साहेब, चेष्टा करता गरिबाची? तुम्हीच नाही का म्हणालात? केबल तुटली त्या दिवशी, टपरीपुढं. ‘त्या मठातल्या मंजगिरीचंच काम असणार, केबलचे खांब रोवू देत नव्हता’ म्हणून. मी म्हटलं, एवढा शिकलेला माणूस म्हणतोय म्हणजे…”

परागनं फोन बंद केला.

धुनीतलं लाकूड तडतडलं…

“मी… चिडून बोललो होतो, बुवा.”

“हं.”

“म्हणजे केबल मंजगिरीनं तोडली नाही?”

“मला काय ठाऊक? मी होतो का तिथं?” बुवा कडाडले. “तुलाही ठाऊक नाही. त्या तिघांनाही ठाऊक नाही. आणि चौकीत कोण बसलंय?”

पराग उठला. ओट्याच्या कडेला जाऊन त्यानं फौजदारांना फोन लावला. “माझा काही संशय नाही, साहेब. सोडा त्याला.” दोनदा सांगावं लागलं. आवाज इतका बारीक, की पहिल्या खेपेला पलीकडे ऐकूच गेलं नाही.

मग परत येऊन बुवांपुढे बसला. इकडेतिकडे बघून घेतलं. मठात तिसरं कुणी नव्हतं.

“चूक झाली, बुवा. माफ करा. पण एवढं आपल्या दोघांतच राहू द्या. मला रोज त्या गावात काम करायचंय. लोक तोंडावर हसतील.”

आणि तो पाया पडायला वाकला.

बुवांनी दोन्ही पाय मांडीखाली ओढून घेतले.

पराग तसाच वाकलेला. हात जमिनीवर चाचपडतायत…

“इथं नको,” बुवा म्हणाले. “टपरीपुढं जा, पराग उंबरजे. तिथं पाया पड आणि चूक सांग. मोठ्यानं.”