सतारीची खोली

अकोल्याचे निवृत्त अभियंता त्र्यंबकराव सबनीस यांनी अंगणातलं पत्र्याचं गॅरेज पाडून आपल्या सतारीसाठी खोली बांधून घेतली. वऱ्हाडचं ऊन सतारीला सोसत नाही, म्हणून भिंतींच्या आत थर्माकोलचा जाड थर घालायला सांगितलं होतं. काम पुरं झालं त्या दुपारी, ऐन मे महिन्यात, साहेब हातोडा घेऊनच आले.

"थर खरंच घातलाय कशावरून? मी भिंत फोडून बघणार."

हुसेन मिस्त्री शांतपणे म्हणाले, "फोडायची कशाला, साहेब? तुमच्या ड्रायव्हरला आत बसवा. तुळशीरामनं याच जागेवर पत्र्याखाली चौदा उन्हाळे काढलेत. इथल्या उन्हाचा त्याच्याइतका जाणकार दुसरा कोण?"

तुळशीराम घटकाभर आत बसून बाहेर आला. कपाळावर घामाचा थेंब नव्हता. "गार आहे, साहेब. सतारीला काही व्हायचं नाही."

त्या गार खोलीच्या दारात त्र्यंबकरावांचे कान मात्र तापले. "अरे, गॅरेज एवढं तापायचं, तर तेव्हाच सांगायचंस," ते कसेबसे म्हणाले.

"सांगितलं होतं, साहेब. तुम्ही म्हणालात, सवय होईल."

हातातला हातोडा आता कुठे ठेवावा, ते साहेबांना कळेना.