अग्निपक्ष्याच्या गळ्यातला घट

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं, ही विनंती.

एका राज्यात बोलके घट होते. मातीचा घट, पण त्याच्या पोटात एक आकडा राही, आणि विचारलं की घट तो आकडा सांगे. तळ्यात पाणी किती, कोठारात धान्य किती, हवेत ऊब किती, सारं घटांना ठाऊक.

घट ओला असतानाच त्याच्या गळ्याशी मंतरलेले दोरे बांधत. लघु दोरा बांधला की घट मुठीएवढा होई आणि त्यात लहान आकडे मावत. दीर्घ दोरा बांधला की तो रांजणाएवढा होई, मग कितीही मोठा आकडा सांगा. चिन्हधारी दोऱ्याचा घट आपली अर्धी जागा शून्याखालच्या आकड्यांना राखून ठेवी. चिन्हहीन दोऱ्याचा घट शून्याखालचं काही जाणत नसे, पण वरची जागा त्याला दुप्पट मिळे. घट भाजला की दोरा मातीत मुरे. मग तो ब्रह्मदेवालाही सुटत नसे.

त्या राज्यावर केतुमान नावाचा तरुण राजा होता. राजवाड्याच्या शिखरावर एक अग्निपक्षी बसे. गळ्यातला घट गारठा सांगे तेव्हा पक्षी पंख पसरून ऊब देई, घट उष्मा सांगे तेव्हा पंख मिटे. राज्याभिषेकाला त्या पक्ष्यासाठी नवा घट घडवायचा होता.

प्रधान म्हणाले, "महाराज, चिन्हधारी दोरा बांधावा."

"शून्याखालची थंडी इथे कुणी पाहिली आहे?" केतुमान हसला. "अर्धा घट रिकामा कशाला ठेवायचा? चिन्हहीन बांधा."

तसंच झालं.

मग एक हिवाळा असा आला, की ऊब उतरत उतरत शून्यावर आली आणि आणखी एक पायरी खाली निघाली. घटाला खाली जागाच नव्हती. तो गर्रकन फिरला आणि आपल्या सर्वांत वरच्या आकड्यावर जाऊन बसला. "भयंकर उष्मा!" घट ओरडला. अग्निपक्ष्याने घाबरून पंख मिटले आणि जागच्या जागी त्याचं बर्फ झालं. त्याला दाणे घालायला गेलेली राजाची धाकटी बहीण नीलाक्षी, तिचंही बर्फ झालं. तिच्या ओंजळीत दाणे तसेच होते.

नवा घट भाजायला हवा होता, पण राज्यातल्या भट्ट्या विझल्या होत्या. डोंगरापलीकडे मृण्मयी नावाची जादूगारीण राही, तिचीच भट्टी पेटती होती. केतुमान तिच्या दारी गेला.

"सूर्य उत्तरेकडे वळेपर्यंत तुझी बहीण वाचेल," ती म्हणाली. "नंतर नाही. माझी तीन कामं कर. घट तू घडवायचा, दोराही तूच निवडायचा."

तिच्या खांद्यावर एक साळुंकी होती. ती राजाच्या खांद्यावर येऊन बसली.

पहिलं काम, वाळूच्या टेकडीचे कण मोजणं. वाटेत ओझं नको म्हणून केतुमानाने लघु घट केला. टेकडी एकेक कण सांगू लागली. पायथासुद्धा मोजून झाला नाही तोच घट भरला, आणि पुढच्या कणाला भलताच आकडा सांगू लागला.

"वा महाराज," साळुंकी म्हणाली, "वाटीत समुद्र भरताय का?"

केतुमान परतला. दीर्घ घट पाठीवर घेऊन धापा टाकत आला आणि सारी टेकडी त्यात मावली.

दुसरं काम, वारुळातल्या राणीमुंगीची अंडी मोजणं. आता राजा शहाणा झाला होता, निदान त्याला तसं वाटलं. त्याने दीर्घ घटच नेला. तो वारुळाच्या तोंडातही शिरेना.

आतून राणीमुंगी म्हणाली, "राजा, माझ्या घराएवढा हो, मग ये."

त्याने लघु घट केला आणि मुंग्यांनी तो अलगद आत ओढून नेला.

तिसरं काम, अंधाऱ्या दरीच्या तळाची थंडी मोजून आणणं. तिथे श्वासही गोठून खाली पडे. भट्टीपाशी केतुमान बराच वेळ ओला घट हातात धरून बसला. मग त्याने लघु दोरा बांधला आणि त्याच्याशेजारी चिन्हधारी दोरा बांधला.

"एवढासाच?" साळुंकी म्हणाली. "आणि तोही अर्धा थंडीला देऊन टाकलात? राजाला शोभेल असा मोठा तरी करायचा!"

"पक्ष्याच्या गळ्याला झेपला पाहिजे," केतुमान म्हणाला. "आणि थंडी खरी आहे, बाई. तिला जागा द्यायलाच हवी."

मृण्मयी हसली.

दरीच्या तळाशी घट शून्याखाली पायरी पायरी उतरत गेला. तो फिरला नाही की ओरडला नाही. होती तेवढी थंडी त्याने सांगितली.

"कामं झाली," मृण्मयी म्हणाली. "हाच घट घेऊन जा. पक्षी गोठला असला तरी घटाचं बोलणं त्याला ऐकू येतं."

केतुमान धावत शिखरावर चढला. जुना घट त्याने दगडावर आपटून फोडला आणि नवा पक्ष्याच्या गळ्यात बांधला. सूर्य वळायच्या बेतात होता.

"शून्याखाली आहे," घट हळूच म्हणाला. "पुष्कळ खाली."

बर्फाला तडा गेला. पक्ष्याने डोळा उघडला, मग एक पंख, मग दुसरा. ऊब छपरांवरून ओघळत गल्ल्यांत उतरली. नीलाक्षीच्या ओंजळीतले दाणे खाली सांडले.

"दादा," ती म्हणाली, "तुझ्या मिशीला बर्फ लागलंय."

केतुमान हसता हसता रडला. मग त्याने प्रधानांना विचारलं, "राज्यात ऊब सांगणारे बाकीचे घट आहेत, त्यांना कोणता दोरा आहे?"

प्रधानांनी मान खाली घातली. "महाराजांना आवडतो म्हणून सगळीकडे चिन्हहीनच बांधला."

दुसऱ्या दिवशी सकाळी केतुमान एकटाच कुंभारवाड्यात गेला. त्याने मुकुट खुंटीला अडकवला, बाह्या वर केल्या आणि माती तुडवायला घेतली.