किल्लीचा मान

“…मग मी वाचवलं तरी कुणाला, बाबा?”

दस्तगीर बाबा दर्ग्याच्या ओट्यावर लसूण सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा जयवंत. एके काळी तो याच ओट्यावर पिऊन पडलेला असायचा. बाबांनी त्याला उचललं, अंघोळ घातली, त्याच्या शिव्या खाल्ल्या, पण सोडलं नाही. दारू सुटल्यावर जयवंतानं गावाबाहेर शेड घातली आणि दारुड्यांसाठी आश्रम काढला. लांबलांबची माणसं येऊन राहू लागली. मग हारतुरे आले, भाषणं आली. आपण सुटलो याचा त्याला जरा तोरा चढला होता. आज तो तोरा तोंडावर कुठे दिसत नव्हता.

“कोण गेलं?” बाबांनी विचारलं.

“श्रीपती.”

बाबांचे हात थांबले. श्रीपती म्हणजे आश्रमात आलेला पहिला माणूस. स्वयंपाकघर तोच बघायचा, नव्यांना धीरही तोच द्यायचा.

“कशानं?”

“पिऊन.”

“आश्रमात आली कुठनं?”

जयवंतानं खांद्यावरची पिशवी पोटाशी धरली.

“नवी माणसं कपड्यांत बाटल्या लपवून आणतात. आम्ही त्या काढून घेतो, कपाटात कुलपात ठेवतो. माणूस बरा झाला की घरी जाताना त्यानं आपली बाटली सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं ओतायची… अशी रीत घातली होती मी.”

“किल्ली कुणाकडं?”

“श्रीपतीकडे.”

“दिली कुणी?”

“मीच. कार्यक्रम करून दिली. म्हटलं, बघा, हा इतका बरा झालाय की दारूच्या राखणीला ठेवलाय. त्याचा मान म्हणून दिली, बाबा.”

“तो काय म्हणाला?”

“म्हणाला, मला नको. दुसऱ्या कुणाला द्या.”

“मग?”

“मी हसलो. पाठीवर थाप मारली.”

बाबा पुन्हा लसूण सोलू लागले. त्यांनी काहीतरी बोलावं, असं जयवंताला वाटत होतं. निदान रागवावं तरी.

“कपाटापुढेच सापडला. त्याची बायको आली, मला एका शब्दानं बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.”

“आता?”

“आश्रम बंद करतो. आतली माणसं माझ्या तोंडाकडे बघत बसतात. श्रीपतीचं असं झालं तर आपलं काय, एवढंच त्यांच्या डोळ्यांत असतं. काय सांगू त्यांना? मीच पिणार, बाबा. आज नाही तर उद्या.”

त्यानं पिशवीतून एक बाटली काढली आणि बाबांच्या पायाशी ठेवली. सील फोडलेलं नव्हतं.

“कपाटात ही एकच उरली होती. सकाळपासून घेऊन फिरतोय. ओतवत नाही… आणि जवळ ठेवायची भीती वाटते. तुमच्यापाशी राहू दे. तुम्हाला तिचं काय आता?”

बाबांनीही तरुणपणी ढोसली होती, असं गावात सांगत. पण ते पाहिलेलं कुणी आता हयात नव्हतं.

बाबांनी बाटली उचलली. उन्हाकडे धरली.

आतली दारू हलत होती.

जयवंताला आधी कळलं नाही. मग त्याला बाबांची बोटं दिसली. इतका वेळ लसणाची बारीक सालं काढणारी ती बोटं आता काचेवर थरथरत होती. बाबांनी तोंड दुसरीकडे फिरवलं होतं, पण बाटली खाली ठेवली नव्हती.

“बाबा…”

बाबांनी कशीबशी ती त्याच्या पिशवीत घातली. पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली.

“घेऊन जा, पोरा. माझ्याच्यानं नाही राखवणार.”